दिवा पेटतोय, मग कार्ड गेलं कसं?

प्रश्न : मी सांगलीत २६ वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दोन दिवाळी अंकांची जुळणी. कॉम्प्युटर २०१०चा आहे, विंडोज ७. त्यावर पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं डोंगल (परवान्याची किल्ली) मागे कायम लावलेलं असतं. पूर्वी गल्लीतल्या केबलवाल्याचं इंटरनेट होतं, त्याची वायर थेट कॉम्प्युटरला यायची. गणपतीच्या सुमारास फायबर घेतलं. वायफायवर मोबाइल छान चालतो, मुलीचा लॅपटॉपही चालतो. पण माझ्या कॉम्प्युटरपर्यंत मोडेमपासून पिवळी वायर आणली तरी इंटरनेट येत नाही. खाली उजवीकडे पिवळा त्रिकोण आणि ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’. मागे वायर खोचते तिथे हिरवा दिवा मात्र लागतो. दुरुस्तीवाला म्हणाला, लॅन उडालंय, तसंही जुन्या मशीनला फायबर चालत नाही, नवीन घ्या. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. रोज सकाळी कॉम्प्युटर तारीख १ जानेवारी २०१० दाखवतो, पण ते दोन वर्षांपासूनचं आहे. पूर्वी मी रोज बदलायचे, आता इंटरनेटच नाही म्हणून सोडून दिलं. सध्या पीडीएफ पेनड्राइव्हवर घेते, मोबाइलला लावते आणि तिथून छापखान्याला पाठवते. दिवाळी अंकाच्या दिवसांत हे कसं परवडणार? फोटो सोबत जोडला आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी भाच्याला चहा द्या आणि फॉरमॅट मारू देऊ नका. विंडोज पुन्हा टाकणं तासाभराचं काम आहे. पण पेजमेकरची सीडी शोधणं, डोंगलचा जुना ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) मिळवणं, २६ वर्षांत जमवलेले फॉन्ट परत जागच्या जागी बसवणं आणि एवढं करून जुन्या पत्रिकेतली जोडाक्षरं फुटलेली पाहणं, हे महिन्याचं दुखणं आहे. इंटरनेट येत नाही म्हणून फॉरमॅट मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमच्या पत्रात उत्तर जवळजवळ लिहिलेलंच आहे. दिवा लागतो, पूर्वी केबलवाल्याची वायर थेट कॉम्प्युटरला होती आणि तारीख रोज मागे जाते, ही तीन वाक्यं मी पेन्सिलने अधोरेखित केली. माझा अंदाज असा की तुमच्याकडे एकाच वेळी दोन बिघाड आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणूनच सगळे चकले. पहिला दुरुस्त झाला तरी दुसऱ्यामुळे इंटरनेट चालणार नाही आणि तुम्हाला वाटेल की पहिला उपायच चुकला.

दिव्यापासून सुरू करू. वायर जिथे खोचता ते लॅन कार्ड. त्याच्या खाचेशेजारी सहसा दोन बारीक दिवे असतात. एक स्थिर पेटतो, त्याचा अर्थ वायरीच्या दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखलं. दुसरा माहितीची ये-जा होते तेव्हा लुकलुकतो. कुठला रंग कशाचा, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, त्यामुळे रंगावर जाऊ नका. मोडेमकडून निघालेला इशारा तुमच्या कार्डापर्यंत पोचला आणि कार्डाने त्याला उत्तर दिलं, तरच तो स्थिर दिवा लागतो. वायर काढली की दिवा विझतो का आणि परत टक् आवाज येईपर्यंत खोचली की दोन-चार सेकंदांत पेटतो का, एवढं एकदा बघा. असं होत असेल तर कार्ड जिवंत आहे असं धरून चला. अर्धवट जळालेलं कार्डही क्वचित दिवा लावतं, पण पहिला संशय तिकडे घ्यायचं कारण नाही. (कॉम्प्युटर बंद असतानाही हा दिवा पेटलेला दिसला तर घाबरू नका. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत कार्डाला थोडी वीज मिळत असते.)

दुरुस्तीवाल्याला मी अगदीच वेड्यात काढणार नाही. केबलवाल्यांच्या काळात गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या तांब्याच्या वायरी असायच्या आणि जिन्यातल्या पेटीत स्विच. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे लॅन जळालेले चार-पाच कॉम्प्युटर तरी यायचे. ‘लॅन उडालं’ हे निदान तेव्हा डोळे मिटून केलं तरी बरोबर निघायचं. सवय लागते. पण फायबरवाल्या विधानाला मात्र काहीच अर्थ नाही. फायबर तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नाही, ते भिंतीवरच्या मोडेममध्ये संपतं. तिथून पुढे निघते ती तांब्याचीच इथरनेट वायर. इथरनेटचा जन्म १९७३चा, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रातला. पीळ दिलेल्या तारांवर १० मेगाबिट वेगाने चालणारा प्रकार १९९० साली प्रमाणित झाला, १०० मेगाबिटचा १९९५ साली आणि तशाच वायरीवरचा गिगाबिटचा १९९९ साली. दोन टोकं जोडली की ती आपसांत बोलून दोघांना झेपेल तो सगळ्यात जास्त वेग ठरवतात. २०१०चा कॉम्प्युटर या सगळ्यांच्या नंतरचा आहे. स्वस्त मदरबोर्ड असेल आणि त्यावर १०० मेगाबिटचंच लॅन असेल, तरी ४० एमबीची पीडीएफ त्यातून चार-पाच सेकंदांत बाहेर पडते. पुढचा वेग तुमच्या प्लॅनवर.

आता पहिला बिघाड.

केबलवाल्याने कनेक्शन दिलं तेव्हा त्याचा माणूस तुमच्या खुर्चीवर बसून काहीतरी आकडे टाइप करून गेला होता, आठवतंय? तो तुमच्या कॉम्प्युटरला एक कायमचा पत्ता देऊन गेला. त्या काळी बहुतेक केबलवाले हेच करायचे. प्रत्येक घराला ठरलेला आयपी अ‍ॅड्रेस, ठरलेला गेटवे (बाहेर जायचं दार), आणि कार्डाचा नंबरही आपल्या वहीत टिपून ठेवायचे, म्हणजे एका कनेक्शनवर शेजाऱ्याचा कॉम्प्युटर चालू नये. फायबरच्या मोडेमची पद्धत वेगळी. घरात जे यंत्र येईल त्याला तो स्वतःच पत्ता देतो, अट एवढीच की त्या यंत्राने पत्ता मागितला पाहिजे. मोबाइल मागतो, लॅपटॉप मागतो. तुमचा कॉम्प्युटर मागतच नाही, कारण त्याच्या मते त्याच्याकडे पत्ता आहे. घर बदललं तरी जुन्या वाड्याचाच पत्ता सांगत बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं त्याचं झालंय.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल, तीत सी-एम-डी टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही अक्षरं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर. बऱ्याच ओळी येतील, त्यातल्या ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ एवढ्या दोनच बघा. मग मुलीचा लॅपटॉप घ्या, वायफाय चालू ठेवा आणि त्यावरही हेच करा. दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघण्यात जी मजा आहे ती कुठल्याही पुस्तकात नाही. लॅपटॉपवर बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता असेल, समजा १९२.१६८.१.७, आणि गेटवे १९२.१६८.१.१. तुमच्या कॉम्प्युटरवर १० किंवा १७२ने सुरू होणारं काहीतरी भलतंच, समजा १०.२०.५.४७, निघालं, की चोर सापडला.

बदलण्याआधी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुने आकडे परत लागतील म्हणून नव्हे, पण आपण काय बदललं ते माहीत असलं की हात थरथरत नाही.

आता कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडा. डावीकडे ‘चेंज अ‍ॅडाप्टर सेटिंग्ज’ आहे, त्यावर क्लिक करा. तिथे ‘लोकल एरिया कनेक्शन’ नावाचं चित्र दिसेल. त्यावर उजवं क्लिक, मग प्रॉपर्टीज. यादीत ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ आहे, ६ नव्हे, ४. त्यावर डबल क्लिक केलं की केबलवाल्याच्या माणसाचं हस्ताक्षर समोर येईल: चौकटींमध्ये भरलेले आकडे. वरच्या भागात ‘ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली’ हा गोल निवडा. खालच्या भागात ‘ऑब्टेन डीएनएस सर्व्हर अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली’ हाही. खालचा विसरू नका. वरचं बदलतात आणि खालचं राहतं, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवर सांगताना आधी खालचंच सांगतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटचं नाव घेऊन तिचा आकडी पत्ता सांगणारा माणूस. तो जुन्या केबलवाल्याचा राहिला तर इंटरनेट आलेलं असूनही एकही साइट उघडणार नाही. ओके करा, मागच्या खिडकीतही ओके किंवा क्लोज करा. ते राहिलं तर बदल लागू होत नाही.

त्याच जागी ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ नावाचं आणखी एक चित्र असू शकेल, युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं. ते जुनं डायलर. आता ते काम मोडेम करतो, तुम्ही त्याला हात लावू नका.

पिवळा त्रिकोण गेला का? गेला असला तरी काळ्या खिडकीत तीन प्रश्न विचारून घ्या. पी-आय-एन-जी, एक जागा, आणि गेटवेचा आकडा, म्हणजे वरच्या उदाहरणातला १९२.१६८.१.१ (आकडे अर्थात इंग्रजीत). चार ओळींत ‘रिप्लाय’ आलं तर कॉम्प्युटर आणि मोडेम बोलू लागले. मग पिंग ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे, तिथून उत्तर आलं म्हणजे घराबाहेरचं जगही दिसतंय. शेवटी पिंग करून गूगलच्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, असं झालं तर डीएनएसची खालची चौकट परत बघा. गेटवेलाच उत्तर नाही, तर गोष्ट घरातल्या घरातच अडली आहे, फायबरवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. तो येईल, मोबाइलवर वेग मोजून दाखवेल आणि सही घेऊन जाईल.

आता दुसरा बिघाड, ज्याची तुम्हाला सवय झाली आहे.

तिन्ही प्रश्नांना उत्तरं आली तरी ब्राउझर उघडल्यावर मेलची साइट म्हणेल की हे कनेक्शन सुरक्षित नाही. कारण तारीख. प्रत्येक साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २०१० सालचा पहिला दिवस आहे. समोर आलेलं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार लावून घेतो. तो वागतोय ते बरोबरच आहे. इंटरनेट आलं की घड्याळ आपोआप ठीक होईल असंही समजू नका. घरगुती विंडोजमध्ये फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर घड्याळ जुळवणारी सोय स्वतःहून काही करत नाही, इतका मोठा फरक तिला संशयास्पद वाटतो.

तारीख जाते कारण मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. तुम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करून झोपता, हे पत्रात लिहिलेलं नसलं तरी मी सांगू शकतो. बटण चालू असेपर्यंत घड्याळाला मुख्य विजेवर पोसलं जातं आणि ते बंद केलं की उरतो फक्त सेल. म्हणून तारीख दुपारी कधी जात नाही, सकाळीच गेलेली असते. बटण बंद करायची सवय चांगली आहे, ती सोडू नका. तिचा एक फायदा तुम्हाला नकळत झालाय. काही लॅन कार्डं, विशेषतः रिअलटेकची, अधूनमधून अशी रुसतात की कॉम्प्युटर रीस्टार्ट करूनही जागी होत नाहीत, पूर्ण वीज काढून दोन-पाच मिनिटं ठेवलं तरच उठतात. हा उपाय तुमच्याकडे रोज रात्री फुकटात होतो, म्हणजे ती शंका आपण आधीच काढून टाकली.

सेलचा नंबर सीआर २०३२. तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. कॉम्प्युटर बंद करा, मागची पॉवरची वायर काढून टाका, डोंगलही काढून डबीत ठेवा. डाव्या बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले की पत्रा मागे सरकतो. आत हात घालण्याआधी सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला एकदा बोट लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. सेल बसवलेल्या गोल खाचेच्या कडेला धातूची बारीक जीभ असते, ती नखाने बाहेरच्या बाजूला दाबली की सेल आपोआप उडी मारून वर येतो. नवा बसवताना अक्षरं लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर. १५ वर्षांची धूळ दिसेल, तिला फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणि थुंकी दोन्ही नको. रंगकामाचा मऊ ब्रश फिरवा.

सेल काढल्यावर बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग जाईल का, असं भाचा विचारेल. ती दोन वर्षं रोज रात्री जातेच आहे आणि तरी सकाळी कॉम्प्युटर चालू होतो, तेव्हा ती भीती नाही. सुरू करताना डिलीटचं बटण टिचकवत राहिलात की बायोसचा निळा किंवा करडा पडदा येईल, तिथे आजची तारीख-वेळ घाला. तिथेच ‘ऑनबोर्ड लॅन’ नावाची ओळ सापडली तर तिच्यासमोर ‘एनेबल्ड’ आहे ना, तेवढं बघा. बाकी कशाला हात नको. एफ-१० दाबून जतन करा.

नवा सेल येईपर्यंत सकाळी हाताने तारीख बदलली तरी काम भागतं. पण ते इंटरनेट सुरू करण्यापूर्वी करा आणि ब्राउझर बंद करून परत उघडा.

आता समजा काळ्या खिडकीत १० किंवा १७२ निघालंच नाही आणि १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला. मग माझा अंदाज चुकला. १६९.२५४चा अर्थ असा की कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला. अशा वेळी वायर आणि मोडेमवरचं भोक तपासायचं. मोडेमला चार लॅन पोर्ट असतील तर वायर दुसऱ्यात लावून बघा. काही ठिकाणी एखादा पोर्ट टीव्हीच्या सेटटॉप बॉक्ससाठी राखलेला असतो आणि त्यात इंटरनेट येत नाही, दिवा मात्र लागतो. मग तीच वायर काढून मुलीच्या लॅपटॉपला लावा, त्याचं वायफाय बंद करून. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायरही बदलली, पोर्टही बदलला आणि चालू झालं, तर दोषी कोण ते कधीच कळत नाही आणि दोन महिन्यांनी तीच खराब वायर कोणीतरी ‘चांगली आहे’ म्हणून परत वापरतं.

ही शहाणपणाची गोष्ट मी माझ्या घरी शिकलो, चुकून. माझा जुना कॉम्प्युटर आणि नवा लॅपटॉप एकाच वायरीवर आलटून पालटून लावायचो. जुना सुरळीत चालायचा. नव्याचा दिवा पाच सेकंद लागायचा, विझायचा, परत लागायचा. दोन दिवस मी नव्या लॅपटॉपचे ड्रायव्हर बदलत बसलो, दुकानदाराशी वादही घातला. शेवटी वायरीच्या टोकाचा पारदर्शक जॅक भिंगाखाली धरला. आत आठ तारा ओळीने असतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. सातवी, पांढरी-तपकिरी, पितळी पातीपर्यंत पोचलीच नव्हती, केसभर आधी थांबली होती. १०० मेगाबिटला आठांतल्या चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. म्हणून १०० मेगाबिटवर चालणाऱ्या जुन्याला कळलंच नव्हतं की वायर खराब आहे. गिगाबिटला आठही लागतात, म्हणून नवा अडत होता. जॅक कापून नवा क्रिंप केला, दहा रुपयांत काम झालं. दुकानदाराची माफी मागायला गेलो तेव्हा तो हसला, पण चहा काही पाजला नाही.

तुमच्या जॅकचा प्लास्टिकचा खटका शाबूत आहे का तेही बघा. तो तुटलेला असला की वायर खोचलेली दिसते, दिवाही लागतो, आणि टेबलाला गुडघा लागला की संपलं.

हे सगळं करूनही काही नाही, दिवा लागत नाही किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’खाली कार्डाचं नावच दिसत नाही, तरच दुरुस्तीवाल्याचं खरं मानू. तेव्हाही कॉम्प्युटर बदलायचं कारण नाही. यूएसबीला लावायचं लॅन अ‍ॅडाप्टर मिळतं, बोटभर लांबीचं, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला लॅनचं भोक. तुमच्या कॉम्प्युटरचं यूएसबी जुन्या पद्धतीचं, म्हणजे ४८० मेगाबिटचं असणार, तुमच्या कामाला ते भरपूर आहे. विकत घेताना डब्यावर विंडोज ७ लिहिलंय का ते वाचा आणि ड्रायव्हर मोबाइलवर उतरवून पेनड्राइव्हने नेऊन टाका. इंटरनेटसाठी लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्या असं सांगणारे महाभाग असतात, म्हणून हे लिहितोय. आतल्या कार्डाच्या नावासमोर पिवळं उद्गारचिन्ह असेल तर तो जळाल्याचा पुरावा नाही, बहुतेक वेळा ड्रायव्हर बिघडल्याचा असतो. त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी बघा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे १०ईसी असेल तर कार्ड रिअलटेकचं, ८०८६ असेल तर इंटेलचं. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच नंबर स्वतःची खूण म्हणून घेतलाय, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

इंटरनेट सुरू झालं की तुमचं पुढचं पत्र येईल, म्हणून आत्ताच सांगतो. विंडोज ७साठी मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी हात वर केले, त्यानंतर घरगुती कॉम्प्युटरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत. क्रोमची १०९ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती. फायरफॉक्स ११५पर्यंत चालतो, तो टाका, त्यातल्या त्यात बरा. या कॉम्प्युटरवरून मेलने पीडीएफ पाठवा, छापखान्याची दुरुस्ती उतरवून घ्या, बस. बँक, यूपीआय, आधार यांपैकी काहीही यावर नको, त्यासाठी मुलीचा लॅपटॉप आहे. गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह आणला तर तो आधी लॅपटॉपवर तपासा. आणि फॉन्टचा फोल्डर, डोंगलचा ड्रायव्हर, जुन्या फायली यांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आजच काढा, इंटरनेट येण्याची वाट न पाहता. कॉम्प्युटरची हार्डडिस्कही २०१०चीच आहे ना?

ता. क. : तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पिवळी वायर खिडकीपासून येते आणि लोखंडी कपाटाच्या मागच्या पायाखालून जाते. आज दिवा लागतोय म्हणजे तारा अजून शाबूत आहेत, पण कपाटात कागदांचे गठ्ठे दिसतात आणि दिवाळीपर्यंत त्यात भरच पडणार. वायर तिथून काढून भिंतीच्या कडेने न्या. कपाट उचलायला दोघं लागतील. भाचा आहेच.